कुणावर गेलीस?

माझ्या स्टुडिओच्या दारावर पाटी आहे : ‘इथे चेहरा उजळवून मिळणार नाही.’ शांती नगरमध्ये असली पाटी लावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. कळतं मला. लोक वाचतात आणि पुढच्या दुकानात जातात. गेले तर गेले! एक बाई म्हणाली, “मॅडम, थोडा ब्राइट कर दो ना, लडकी का रिश्ता है.” म्हटलं, “रिश्ता लडकी का है, या ट्यूबलाइट का?” तणतणत गेली.

सुगंधाताई मात्र पाटी वाचूनच आत आली. आमच्याच बिल्डिंगमधली, मूळची गुहागरकडची, रंगाने माझ्यासारखीच काळी. संध्याकाळ झाली की तिची सासू म्हणायची, “दिवा लावा गं, सून दिसेना झाली.” अन् सगळं घर हसायचं. नवरा, काशीनाथ भावोजी, गोरापान आणि घाऱ्या डोळ्यांचा. लग्नाच्या अल्बममध्ये ताई पिठात घोळल्यासारखी दिसते.

“पाटी खरी हाय काय गं?”

“खरी आहे.”

“मग थांब, पावडर पुसते.” तिने पदराने तोंड खसाखसा पुसलं आणि खिडकीपाशी येऊन बसली.

मी दुसरा दिवाच लावला नाही. खिडकीतला उजेड तिच्या कपाळावर, गालफडावर, नाकाच्या शेंड्यावर थांबला, तेवढाच घेतला. फोटो तिने डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, “अगोबाई, मी बरी दिसते की गं!” आणि रडायलाच लागली. जाताना डोळे पुसत म्हणाली, “मी मेल्यावर हाच लावायचा. नायतर पिंडाला कावळा शिवणार नाही, सांगून ठेवते.”

फ्रेम करून दिली. आठवडा झाला नाही तोच ती फ्रेम परत घेऊन आली. मुलीला, रसिकाला, वसईचं स्थळ आलं होतं. फोनवर बोलणं झालेलं, रसिकाचा फोटोही पाठवलेला, पाहुणे यायचे बाकी होते. आईचा रंग बघून लोक मुलीचा रंग ठरवतात, फ्रेम आत टाक, असं भावोजींचं म्हणणं. “तुझ्याकडे राहू दे,” ताई म्हणाली. मला इतका संताप आला! पण नवरा तिचा, घर तिचं.

पाहुणे यायच्या आधीच ताई गेली. ओट्यापाशी उभी होती, तिथेच कोसळली. चांगली हसतीखेळती बाई.

दुसऱ्या दिवशी भावोजी माझ्याकडे आले. डोळे सुजलेले. “नीलिमा, तो फोटो हवाय. फक्त... थोडा उजळ करून दे.”

“भावोजी, सरणावर गेलेली बाई आता कुणाला दाखवायचीय?”

“रसिकाचं बघायला नको?” एवढंच म्हणून ते उठून गेले. संध्याकाळी रसिकाचा फोन आला, “मावशी, आईचा तो फोटो मोबाईलवर पाठव ना.” पोरीला तरी आई हवीय, असं वाटून मी लगेच पाठवला.

दहाव्याला जेसल पार्कच्या खाडीवर मीही गेले. पिंड मांडले. कावळे कठड्यावर बसलेले, एकही खाली उतरेना. भावोजी हात जोडून म्हणाले, “रसिकाचं लग्न थाटात करीन.” कावळा हलला नाही. “तुझे दागिने तिलाच घालीन.” ढिम्म! दिरांनी, जावांनी, सगळ्यांनी विनवलं. एरवी काळं माणूस दारात नको, आणि इथे काळ्या पाखरापुढे सगळे हात जोडून उभे! मला राहवेना.

“भावोजी, तिचा फोटो आहे तसा लावतो म्हणा!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भावांकडे पाहिलं. आणि पुन्हा कावळ्यांकडे वळून नुसते हात जोडले. ऊन चढायला लागलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. सगळे सुटल्यासारखे चपला शोधायला लागले.

तेराव्याला मी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून, हार घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, आज भांडीन, पण लावीनच.

हॉलमध्ये फोटो आधीच लागलेला. मी काढलेलाच. तीच खिडकी, तेच डोळे, आणि चेहरा दुधासारखा पांढरा. कपाळावरचा उजेड कुठे गेला ते कळेना. मी रसिकाकडे पाहिलं. “मीच केला, मावशी,” ती हळूच म्हणाली. “ॲपवर. बाबांनी नाही सांगितलं.”

तेवढ्यात वसईची मंडळी दुखवट्याला आली. मुलाच्या आईने फोटोला नमस्कार केला, मग भावोजींकडे पाहिलं, मग रसिकाला आपादमस्तक न्याहाळलं. फोनवर आलेल्या फोटोपेक्षा पोरगी काळी निघाली होती.

“आई एवढी गोरी, बाबा गोरे,” ती म्हणाली. “मग तू गं कुणावर गेलीस?”

भावोजी जमिनीकडे बघत बसले. रसिकाने माझ्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. त्यात काय आहे ते तिला माहीत होतं. मी कागदाची कड धरली. एक शब्द बोल गं पोरी, मी फाडते हा कागद!

“कुणास ठाऊक,” रसिका म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.