एका चुलीचं घर

चावडीत सगळे हात वर गेले आणि आक्काबाईचा हात मांडीवरच राहिला. सरपंच आबासाहेबांना आधी वाटलं, म्हातारीचा डोळा लागला असेल. बायकांची जागा भरायची म्हणून गावच्या या सुईणीला पंचायतीत आणून बसवलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्यांचा हात वर गेला की तिचाही जायचा. कशासाठी, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"आक्का, दवाखान्याच्या समितीवर अध्यक्ष म्हून हेमचंद्र मास्तरांचं नाव द्यायचं हाय," आबासाहेब जरा मोठ्यानं म्हणाले.

"ऐकलंय म्या. माझं न्हाई म्हून लिवा."

मास्तर समोरच बसले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. गावाला दवाखाना मिळावा म्हणून त्यांनी नगरच्या इतक्या चकरा मारल्या होत्या की एसटीचे कंडक्टर त्यांना नावानं हाक मारायचे. पण नोकरी संपून देवळात एकादशीचं प्रवचन करायला लागल्यापासून, देवाच्या वतीनं बोलायचा अधिकार आपल्याला मिळालाय असं त्यांना वाटू लागलं होतं. गेल्या एकादशीला त्यांनी सहादेव आणि गहिनीनाथाचा विषय काढला.

हे दोघं तरुणपणी सावडीनं एकत्र आले. दोघांकडे एकेकच बैल, आणि एका बैलानं नांगर चालत नाही. असे दोघं आपले बैल एका जुवाला जुंपतात आणि आळीपाळीनं एकमेकांचं रान करतात. पेरणी झाली की ज्याचा त्याचा बैल ज्याच्या त्याच्या घरी. या दोघांचे बैल मात्र एकाच गोठ्यात राहिले आणि पाठोपाठ माणसंही एका घरात. लग्नं झाली नाहीत. चूल एक, अंथरूण एक. गाव काय आंधळं होतं? गाव हसायचं, कुजबुजायचं, आणि कुणाच्या घरी लग्न निघालं की दोघांना मिळून एकच बोलावणं धाडायचं.

मग सहादेवला खोकल्यातून रक्त पडलं. नगरच्या डॉक्टरनं क्षय सांगितला आणि कित्येक महिने रोज सुई घ्यावी लागेल म्हणाला. सुया गावच्या नव्या दवाखान्यातच मिळणार होत्या. द्यायला कंपाउंडर होता, पण कपाटाची किल्ली अध्यक्षाकडे राहणार होती. आणि मास्तरांनी प्रवचनात सांगून टाकलं की पुरुषानं पुरुषाबरोबर संसार मांडणं देवाला मान्य नाही, हा रोग त्याचीच शिक्षा आहे, तेव्हा आधी चुली वेगळ्या करा, मग सुई.

सभेच्या आदल्या दिवशी गहिनीनाथ आक्काबाईला घरी घेऊन गेला. अंगणात त्यानं मातीची नवी चूल घातली होती. छान लिंपलेली होती, पण तिला काजळीचा डागही नव्हता. भाकरी त्यानं आतल्याच चुलीवर थापल्या, सहादेवला दुधात कुस्करून भरवलं आणि आपली भाकरी घेऊन बाहेर त्या गार चुलीपाशी येऊन बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आतून बाजेवरून सहादेव पुन्हा पुन्हा विचारत होता, "जेवला का रं?"

"आक्का, चुली दोन झाल्यात एवढं चावडीत सांग," गहिनीनाथ हळूच म्हणाला. "त्याला सुई मिळू दी. मी जलमभर अंगनात जेवीन."

आक्काबाई सांगते म्हणाली. चावडीच्या पायऱ्या चढेपर्यंत तिच्या मनात तेच होतं. आपण विरोध करूनही मास्तर निवडून आलेच, तर किल्ली चिडलेल्या माणसाच्या हातात जाणार आणि सहादेव सुईवाचून मरणार, एवढं तिला कळत होतं.

मास्तरांनी तर काम आणखी सोपं केलं. "आक्काबाई, त्यांनी चुली वेगळ्या केल्यात असं ऐकतो," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही पाहिल्यात एवढं सांगा. दवाखाना उघडला की पहिली सुई सहादेवची."

एका शब्दाचं काम होतं. तोच तिच्या तोंडातून निघेना.

"चूल म्या बघितली, मास्तर," ती अखेर म्हणाली. "खोटी हाय ती. त्या घरात चूल एकच हाय. तुमची लेक सुचित्रा पोटात आडवी आली हुती, तवा तुमी दारात हुबं राहून रडत हुता. ही पोर फुडं कुनासंगं राहील, कशी वागंल, असं इचारून म्या हात घातला न्हाई. लेकरू जगवायचं, एवढंच माझं काम. दवाखान्याचंबी तेवढंच. ज्याला सुई द्यायच्या आदी चुली मोजायच्यात, त्याच्याकडं किल्ली नगं."

"आणि धर्माचं काय?"

"त्यो देवळात सांगा. मी म्होरं बसून ऐकीन."

त्या चावडीतल्या अर्ध्याअधिक लोकांची नाळ तिच्याच हातानं कापलेली. आबासाहेबांनी आपला हात खाली घेतला, मग दुसऱ्या एकानं घेतला. नावाचं पुढच्या सभेला बघू, तोवर किल्ली कंपाउंडरकडं राहील, असं म्हणून त्यांनी बैठक मोडली. मास्तर चपला घालून निघून गेले. पुढं ते आक्काबाईशी बोलले नाहीत.

सहादेवला सुया मिळाल्या, पण आजार फार पुढं गेला होता. पावसाळा सरला, दिवाळी सरली. थंडीत दोघं आतल्या चुलीशी शेकत बसलेले दिसायचे. संक्रांत झाली आणि सहादेव गेला.

इतकी वर्षं त्याच्या घरचं पाणी न प्यालेले भाऊ तेव्हा बरोब्बर आले. मयत त्यांनी आपल्या दारातून काढलं, अग्नी पुतण्यानं दिला. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळेच दोन घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. सगळ्या गावाच्या पाट्या भावांच्या वाड्याकडे चालल्या. आक्काबाई तेवढी आपली पाटी घेऊन दुसऱ्या वाटेला लागली.

गहिनीनाथ अंगणातच बसला होता, त्या कधी न पेटलेल्या चुलीपाशी.

"इकडं कशापाई, आक्का? घास तिकडं, त्याच्या भावांकडं."

"ज्याची चूल इझली, त्याला घास," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ बसली. तिनं भाकरी मोडली, पिठलं लावलं आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

त्यानं तो घेतला. मग त्यानं दारातून आत, रिकाम्या बाजेकडे पाहिलं.

"जेवलो रं," तो म्हणाला.