मास्तरांनी मला पुसून पुसून झिजवलं

मित्रांनो, ज्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या मुलीचं लग्न दोनदा पुढे ढकललं जाऊन एकदाचं लागलं, त्या वर्षी मी या घरात आलो. मी एक जुना खोडरबर आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे. माझ्याच खोक्यातून निघालेले माझे भाऊ अजून चौकोनी आणि पांढरेशुभ्र असतील. मी मात्र वाटाण्याएवढा उरलो आहे आणि त्याला एकच माणूस कारण आहे. मी त्याच्यावर वैतागलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात मी शिजलो, लांब पट्टीतून कापला गेलो आणि माझ्या अंगावर एक हत्ती छापला गेला. फार देखणा हत्ती होता. तो पहिल्याच आठवड्यात गेला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. शिंप्याला लोक मास्तर म्हणतात म्हणून हेही मास्तर. एरवी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. आकडे यायचे, कारण मापं आकड्यांत असतात. गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी ते कापडाच्या कोपऱ्यात खडूने चित्र काढत. टपालवाल्याची सायकल, डॉक्टरांची बाटली. पेपर वाचून दाखवायचं काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे आजींचं. मशीन चालायचं आणि आजी वाचायच्या. यातच दोघांचं आयुष्य गेलं. मग आजींची नजर गेली, आणि म्हातारपणी मास्तर सुनेसमोर अक्षरं गिरवायला बसले. सूनबाई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करत. घरी येताना त्यांनी पेन्सिल, कागद आणि मला आणलं.

मास्तर अडखळत का होईना, वाचायला शिकले. तिथेच थांबले असते तर मी सुखात असतो. पण डॉक्टरांनी सूनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की आजींच्या हृदयात आता फारसा दम नाही. आजींनी ते ऐकलंच. डोळे गेल्यापासून त्यांच्या कानांना भिंतही अडवत नव्हती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तो कोटाचा किस्सा लिहा. माझ्या बाजूने सगळ्या घराला पाठ आहे. तुमच्या बाजूने मी एकदाही ऐकलेला नाही.”

“नको तो विषय,” मास्तर म्हणाले.

“मग कधी? मी गेल्यावर फोटोला सांगणार?”

किस्सा असा. तरुणपणी मास्तरांनी स्वतःच्या हिमतीवर पहिला कोट शिवला, तो आजींच्या वडिलांचा. कापड न उलटता एकाच बाजूने घातलं आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. वडिलांनी कोट चढवला तेव्हा त्यांचा उजवा हात असा वळला, जणू ते मागून येणाऱ्या कोणाला बोलावत होते. दाराआड एक मुलगी हसून हसून खाली बसली. त्याच मुलीशी पुढे मास्तरांचं लग्न झालं, पण ती लाज काही गेली नाही. त्या कोटाचं नाव निघालं की ते उठून जात.

तर मास्तर लिहायला बसले. ‘एके दिवशी’ एवढं लिहिलं, मान तिरकी करून पाहिलं आणि मला उचललं. पुन्हा ‘एके दिवशी’, पुन्हा मी. मित्रांनो, तो एके दिवशी कित्येक दिवस चालला! दुसरा शब्द काही उगवेना. माझा चुरा उशीवर, चहात, मास्तरांच्या भुवयांत. शेवटी कागदाला भोक पडलं.

“बाबा, कागद आहे तो, चाळणी नाही,” सूनबाई म्हणाल्या.

“अक्षर वाकडं येतंय गं. चांगलं दिसायला नको?”

“कोणाला दिसायला? ऐकणार एकट्या आई, आणि त्यांना दिसत नाही!”

बोलून सूनबाईंनी जीभ चावली. खाटेवर आजी मात्र खुदखुदत होत्या.

“तुम्ही तेव्हाही हेच केलंत,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “कच्ची शिलाई घातलीत का त्या कोटाला? नाही. थेट पक्का शिवलात. एकदा सैल टाके घालून अंगावर चढवून पाहिला असता, तर तिथेच चूक दिसून बाही उसवता आली असती. आता तरी आधी कच्चं घाला की हो.”

मग मास्तरांनी मला बटणांच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. फटीतून मला सगळं दिसत होतं.

आत माझी काय तडफड झाली म्हणून सांगू! बाहेर चुकांवर चुका पडत होत्या आणि पुसायला मी नव्हतो. मास्तर खोडायचे, बाण काढायचे, शब्द अडला की सरळ चित्र काढायचे. लिहिताना त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर असल्यासारखा हलायचा. मध्येच एकटे हसायचे. माणूस इतकं वाईट लिहून इतका खूश कसा राहतो, हे मला कळेना.

मग मास्तरांनी आजींना गोष्ट वाचून दाखवली, तीही काय! कोट येण्याआधी दोन पानं नुसती कात्रीच.

“कात्री पुरे. माझे बाबा कधी येणार?”

“येतात. अजून इस्त्री तापतेय.”

मग कोट आला, बाह्या आल्या, दाराआडचं हसणं आलं. आणि शेवटी मास्तरांनी जे वाचलं ते आजींनाही ठाऊक नव्हतं. ‘बाही त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. पण मी दर दोन दिवसांनी अजून झाली नाही हे सांगायला तुमच्या घरी येत राहिलो. मला ते हसू परत ऐकायचं होतं.’

“लबाड!” आजी म्हणाल्या आणि डोळे पुसावे लागेपर्यंत हसल्या. “परत वाचा. कात्रीपासून.”

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. इतर वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला वापरा. मी म्हणतो, मला जरा सोडा! पहिलं लिहिलेलं वाकडं येणारच. ते पुसत बसलात तर मी संपेन आणि तुमची गोष्ट मात्र ‘एके दिवशी’च्या पुढे जाणार नाही. मास्तर अजून लिहितात, अजून वाईटच लिहितात. मी डब्यात बटणांशेजारी पडून आहे आणि, कोणाला सांगू नका, बरा आहे.

आजी याच वर्षी, सूनबाईंना बढती मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी वारल्या. कोटाची गोष्ट त्यांची पुष्कळ वेळा ऐकून झाली होती.