जाड दाण्याचं शिंग

पाय धुण्याचा रविवार यायचा ऑगस्टात, पण एस्टिल जुलैपासूनच त्याचे दिवस मोजायला लागायचा. केंटकीच्या डोंगरातल्या त्यांच्या लहानशा चर्चचा रिवाजच असा, की वर्षातून एकदा भावाने भावाचे पाय धुवायचे, आणि मनात काही दडवलेलं असेल तर पाय धुवायच्या तस्ताला हात लावायचा नाही. एस्टिलने सहा वर्षं हात लावला होता. थोरल्या भावाचे, व्हर्लिनचे, पाय धुतले होते. आणि पाळक कॉर्बेट हेल काढून प्रवचन गाऊ लागले, की सगळ्यांबरोबर त्यानेही डोळे पुसले होते. त्या सुरांत खोटं रडूसुद्धा खरं होऊन जायचं, हीच तर पंचाईत.

दडवलेली गोष्ट चिमूटभर होती. वडिलांची ठासणीची बंदूक थोरल्याच्या वाट्याला आलेली. रुंद नळीची, हरणाची बंदूक. तिला दारू लागायची जाड दाण्याची, मक्याच्या भरड्यासारखी. हरणाच्या शिंगाचं टोक पोखरून वडिलांनी तिचं माप करून ठेवलं होतं. मापभर जाड दारू, तिच्यावर चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली गोळी, की काम झालं. एस्टिलकडे होती खारी मारायची बारक्या नळीची बंदूक. ती साखरेसारख्या बारीक दाण्यावर खूश असायची. बारीक दाणा चटकन भडकतो, जोर जास्त करतो. लहान नळीला तो मानवतो. पण मोठ्या नळीत जाडीच्याच मापाने भरला, तर चिंधी जाळतो आणि गोळी वर उचलतो. हे त्या खोऱ्यात कुणाला शिकवावं लागत नसे.

साडेसहा वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात व्हर्लिनने आपलं दारू साठवायचं पोकळ शिंग देऊन त्याला बाजारात धाडलं होतं. "माझं शिंग भरून आण. जाडी." दुकानात जाडीचा डबा संपलेला. पुढच्या गावी मिळाला असता. पण घाटात बर्फ पडू लागलं होतं आणि एस्टिलला घरी शेगडीशी बसायचं होतं. त्याने बारीक दारू घेतली आणि दादाचं शिंग भरलं. एवढ्या तेवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हणाला. सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिनने माप भरलं ते शिंगाकडे न बघताच. भावाने भरून आणलेलं शिंग कोण तपासतं? साठ पावलांवर हरणाची एक मादी आडवी उभी राहिली. बार नेहमीपेक्षा कडक वाजला. मादी पाठीत रट्टा बसल्यासारखी खचली, उठली आणि झाडीत गेली. दोघांनी दिवसभर रक्ताचे ठिपके धुंडाळले. ओढ्यापाशी तेही संपले. परतताना एस्टिलला बर्फात चिंधी दिसली, मधोमध जळून भोक पडलेली. दादा पुढे चालला होता. एस्टिलने ती उचलून खिशात घातली.

"डोळे गेले माझे," व्हर्लिन त्या रात्री म्हणाला. "जनावराला अर्धमेलं सोडणाऱ्याने बंदूक धरू नये." बंदूक त्याने ओहायोतल्या जावयाला देऊन टाकली. जावयाने ती दिवाणखान्याच्या भिंतीला टांगली आणि भोवती प्लास्टिकची फुलं लावली.

यंदा शनिवारी एस्टिल भावाच्या ओसरीवर गेला, तेव्हा व्हर्लिन वाळवणासाठी हिरव्या शेंगा दोऱ्यात ओवत बसला होता. दोन वर्षांपासून त्याचे हात कापत होते.

"ये, बस," व्हर्लिन म्हणाला. "तुझी वहिनी मला ओवू देत नाही. म्हणते, मी टोचून घेतो."

"खोटं आहे का?" वहिनी आतून म्हणाली. "शेंगा तीन आणि भोकं तेरा, तीही बोटाला."

एस्टिलने खिशातून ती चिंधी काढून भावाच्या गुडघ्यावर ठेवली. व्हर्लिनने ती डोळ्यांशी नेली, मग नाकाशी.

"जळकी आहे. कुठली?"

"तुझ्याच बंदुकीची, दादा. त्या मादीच्या दिवसाची."

व्हर्लिनने सुई शेंगेत खुपसून ठेवली.

"शिंगात काय होतं?"

"बारीक. जाडी मिळाली नाही. म्हणजे, मी पुढच्या गावी गेलो नाही."

"आणि माप बाबांचंच."

"तेच."

"मग गोळी वर गेली."

"वर गेली."

"म्हणजे नेम बरोबर होता."

"बरोबर होता, दादा."

व्हर्लिनने उजवा हात समोर धरला आणि परक्याचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिला.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे मला तूच नेलंस ना?"

"नेलं."

"तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. मी बाहेर येऊन त्याला मूर्ख म्हटलं. तू काय म्हणालास?"

एस्टिलला आठवत होतं. तो म्हणाला होता, आजकालचे डॉक्टर असलेच.

"त्यानंतर चार वर्षं तरी हा हात धड होता," व्हर्लिन म्हणाला.

"ओहायोहून बंदूक परत मागवू?"

"आणि काय करू तिचं? शेंगा ओवू?"

आत वहिनी हसली. तिला काही ठाऊक नव्हतं. ओसरीवर कुणी हसलं नाही.

"उद्या मी तस्ताला हात लावणार नाही," एस्टिल म्हणाला.

"उद्याचं उद्या," म्हणत व्हर्लिनने सुई त्याच्या हातात दिली. "आता ओव."

रविवारी एस्टिल मागच्या बाकावर बसला. कॉर्बेटचं गाणं टिपेला पोचलं होतं. तेवढ्यात व्हर्लिन तस्त घेऊन त्याच्यासमोर आला. पाय पुसायला कमरेला गुंडाळलेल्या टॉवेलची गाठ त्याला बसेना. ती दुसऱ्या कुणीतरी मारून दिली. तो गुडघ्यांवर बसला, एस्टिलचे बूट त्याने स्वतः उतरवले आणि पाय पाण्यात घेतले. त्या हातांनी तस्तातलं पाणी सारखं हलत होतं, काठावरून फरशीवर सांडत होतं.

पाय पुसता पुसता व्हर्लिन हळूच म्हणाला, "माझ्याशी केलंस ते मी सोडून दिलं. त्या मादीचं मात्र मला सोडता येत नाही. ते माझ्या हातात नाही."

एस्टिलने मान डोलावली. कॉर्बेट एक ओळ द्यायचे आणि सगळे ती लांबवत मागे म्हणायचे. लहानपणापासून पाठ होती ती ओळ. ती त्याने इतरांना म्हणू दिली आणि वाकून फरशीवर सांडलेलं पाणी रुमालाने टिपू लागला.