यादीतला एकसष्टावा ग्रंथ

सकाळी सव्वाआठला ग्रंथपालबाई दिराच्या शर्टाचं बटण लावत बसल्या होत्या. दीर विद्यापीठात समाजशास्त्राचा विभागप्रमुख आणि बाई तिथल्याच ग्रंथालयाच्या प्रमुख. नवरा जाऊन चार वर्षं झाली, तरी घर एकच राहिलं होतं. दिराने चहाचा कप बाजूला सारला आणि चार कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"वहिनी, एवढ्यावर सही करून टाका. ऑफिसात नको म्हटलं, उगाच चर्चा होते."

सरकारने दोन महिन्यांपूर्वी कायदा केला होता. सरकारी शाळांनी आणि विद्यापीठांनी शिकवण्याच्या पुस्तकांत समाजात तेढ वाढवणारं काही आहे का ते शोधायचं, त्याची यादी करायची आणि ग्रंथपालाच्या सहीने ती पुस्तकं लगदा करायला धाडायची. कायदा वाईटच होता. पण त्याहून ओंगळ होती ती विद्यापीठातल्या शहाण्यांची धावपळ. इतिहासवाल्यांनी चाळीस नावं दिली असं कळताच भाषावाल्यांनी साठ दिली. एका गृहस्थांनी तर स्वतःचंच पुस्तक यादीत घालून कुलगुरूंना अभिनंदनाचं पत्र धाडलं. नुसतं वाक म्हटलं तर ही माणसं लोटांगण घालत होती, आणि वर एकमेकांची लोटांगणं मोजत होती. जन्मभर मुलांना ताठ मानेने जगायला शिकवणारे हे लोक! शिसारी यावी असाच सगळा प्रकार होता.

बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली. एकसष्टावं नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं.

नवऱ्याने आयुष्यात एकच मोठं काम केलं, तो त्याचा प्रबंध. गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना पूर्वी शाळेच्या दाराबाहेर बसवत. त्यातल्या त्र्याऐंशी माणसांना त्याने शोधून काढलं आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. घरची प्रत नळ फुटून भिजली ती गेलीच. आता ग्रंथालयातली एकच प्रत उरली होती. याच प्रबंधाची टाचणं काढता काढता धाकटा भाऊ संशोधन शिकला होता.

"भाऊजी, हा तुमच्या दादाचा प्रबंध आहे."

"म्हणून तर घातला. घरचंच नाव दिलं की आपल्यावर कोण संशय घेणार?"

चहात साखर कमी आहे म्हणावं, तितक्या सहज तो हे बोलला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान कोणीतरी हाताने धरावं लागतं. हा आपल्या पायांनी चालत आला होता.

तुम्ही कायदा वाचलात का, असं बाईंनी विचारलं.

"कायदा कोण वाचतं वहिनी? वरच्यांना काय हवंय ते कळलं की झालं."

बाईंनी वाचला होता. जेमतेम अकरा पानं. त्यात फक्त शिकवण्याची पुस्तकं होती, प्रबंधांचा उल्लेखही नव्हता. हे सांगितल्यावर दिराला उलट आनंदच झाला. जादा दिलेलं कोणी परत करत नाही, असं तो म्हणाला. सही झाली नाही तर परवा कुलसचिवांचा आदेश घेऊन येईन, आणि वहिनी, तुमची नोकरीची दोनच वर्षं उरलीत, ती सुखाने काढा, असंही त्याने आपुलकीने सांगितलं. बाईंनी दाताने दोरा तोडला आणि शर्ट त्याच्या हातात दिला.

ग्रंथालयात पोचल्यावर त्यांनी शिपाईमामांना यादी वाचून दाखवली. रद्द झालेली पुस्तकं ढकलगाडीवर घालून तळघरात नेण्याचं काम मामांचं. एकसष्टावं नाव ऐकून मामांनी गाडीचा दांडा सोडला.

"बाई, त्यात मी आहे ना?"

होते. एक्केचाळिसावी साक्ष त्यांची होती. मागच्या जिन्यावर बसून त्यांनी बाईंच्या नवऱ्याला सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही वाचलंय का मामा, काय छापलंय ते?"

"आपलं काम उचलायचं. वाचायला कोण बसवतंय?"

शिपायाने वाचनकक्षात बसू नये, असा नियम कुठेही नव्हता. कोणी बसत नव्हतं, एवढंच. तीस वर्षांत बाईंनीही त्यांना कधी बसा म्हटलं नव्हतं. सकाळपासून दिराची किळस करणाऱ्या बाईंना आता स्वतःचीही थोडी वाटली.

त्यांनी ग्रंथालयाची नियमावली काढली. वाचकाने मागितलेला ग्रंथ त्याचं वाचन संपेपर्यंत कोणालाही काढून नेता येत नाही, आणि वाचनकक्ष सर्वांना खुला आहे. दोन्ही नियम जुने होते आणि कोणी बदलले नव्हते. बाईंनी मामांच्या नावाचं वाचकपत्र केलं, प्रबंध आणला आणि खिडकीजवळची खुर्ची स्वतः ओढून दिली. मग दिराची यादी सही न करता लिफाफ्यात घालून परत पाठवली. सोबत कायद्याची अकरा पानं जोडली.

मामा संध्याकाळी वस्तीत बोलले असावेत. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच माणसं पायऱ्यांवर होती. कोणाची आई त्यात होती, कोणाचा आजा. बाईंनी एकेकाचं नाव मागणी वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दीर आदेश घेऊन आला. वाचनकक्षात एकही खुर्ची हलली नाही. मामा ओळीखाली बोट धरून हळूहळू मोठ्याने वाचत होते आणि बाकीचे ऐकत होते.

"गुरुजी आतून शिकवायचे. मी दाराबाहेरून ऐकायचो. पाऊस आला की आतली मुलं खिडकी लावून घ्यायची. मग काही ऐकू यायचं नाही."

मामांनी मान वर केली. दारात विभागप्रमुख उभा होता.

"साहेब, बाहेर का उभे? आत या. जागा आहे."

दिराने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आदेशाचा कागद पुढे धरून, हे कधी संपणार, असं त्याने वहिनीला विचारलं. बाईंनी तो कागद हातातही घेतला नाही. मागणी वही उघडून त्यांनी नावांवरून बोट खाली नेलं.

"अजून सत्तावीस जण आहेत भाऊजी. रोज वाढताहेत. तुमच्या दादाने लिहिलंय, तुमचंही नाव घालू का?"

दीर उंबऱ्यावरच उभा राहिला. मामांनी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.