पाठमोरा

नवी पिकअप दारात आली त्या दिवशी आनंदानं मला दुपारचं जेवण गेलं नाही, आणि हे मी न लाजता, चांगलं छाती काढून सांगतो. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसानं गाडीपायी एवढं हरखू नये, असं आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये दोघातिघांनी तोंडावर बोलून दाखवलं, पण त्यांतल्या एकालाही स्टिअरिंगला हात लावल्याशिवाय घरी जाववलं नाही. माझा धंदा टोमॅटोच्या रोपांचा. शेडमध्ये रोपं वाढवायची आणि ट्रे भरून मंचर, नारायणगाव, थेट पिंपळवंडीपर्यंत शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायची. जुन्या टेम्पोनं इतकी वर्षं हाडं खिळखिळी केली होती. आता ही उंच, रुंद, पुढंमागं मिळून पाच माणसं बसतील अशी गाडी, मागं रोपांसाठी ऐसपैस हौदा, आणि वर तिच्या अंगात अशी अक्कल, की शेजारच्या सावळेरामनं ती बघितली आणि स्वतःच्या पोराकडं बघून मोठा उसासा टाकला.

ती अक्कल मला माझ्या मुलीनं, प्रांजलनं, समजावून सांगितली. काचेच्या आतून वरच्या बाजूला कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. समोर माणूस, जनावर, गाडी, काहीही आलं की ते पडद्यावर राखाडी चित्र होऊन उमटतं, आणि आपला पाय पोचायच्या आत गाडी स्वतःच ब्रेक लावते. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात सीटांची चित्रं असतात. माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला की ती सीट हिरवी, पट्टा नसेल तर लाल, आणि कुणीच नसेल तर करडी. पहिल्या आठवड्यात अंगणात कोंबडी आडवी आली तरी गाडी गचकन थांबायची आणि आम्ही बापलेक खिदळायचो. माझ्या आईनं, रतनबाईनं, पूजा करताना हळदीकुंकवाची बोटं नेमकी कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर ओढली, तेव्हा 'मला दिसत नाही' म्हणून गाडीनं बोंब ठोकली. प्रांजल ओलं फडकं घेऊन पुसायला लागली तर आई तिच्यावरच रागावली. मी दोघींनाही हसलो, कारण त्या दिवसांत मला कशाचंही हसूच यायचं.

सल एकच होता, आणि तो माझ्या वडिलांचा होता.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझ्या लहानपणी दिवाळी सरली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून कळप घाटाकडं निघायचा, आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा असला की आबा, म्हणजे माझे वडील यमाजी, भर डांबरावर काठी आडवी धरून उभे राहायचे. तोंड मेंढरांकडं, पाठ येणाऱ्या गाड्यांकडं. गाडीकडं बघितलं की माणूस भितो आणि माणूस भ्याला की मेंढरू भितं, असं ते सांगायचे. कळपाच्या शेपटाला चालायचो मी. शेवटच्या मेंढराचे खूर डांबरावरून उतरले की मी जोरात हाळी द्यायची, "गेली समदी!" त्या हाळीशिवाय पुढचा माणूस जागचा हलायचा नाही, मग मागं गाड्यांचे हॉर्न फुटेनात का. आणि हाळी कानावर पडली की आबा काठी काखेत मारून मेंढरांमागोमाग रस्त्यापलीकडं निघून जायचे, मागं वळूनसुद्धा न बघता. शेवटचं मेंढरू डोळ्यांनी बघितल्याशिवाय हाळी द्यायची नाही, हे त्यांनी मला चार फटके देऊन शिकवलं होतं.

पुढं मला शिकायला होस्टेलवर ठेवलं आणि मी तिकडं असतानाच कळप विकला गेला. व्यापाऱ्याचा ट्रक पेठ गावाच्या अलीकडं जुन्या रस्त्याला, पलीकडच्या अंगाला उभा होता. आबा नेहमीसारखे रस्त्यात उभे राहिले, आईनं मेंढरं पलीकडं हाकली आणि ती तशीच फळीवरून ट्रकात चढली. त्या दिवशी हाळी कुणी दिली, हे कुणालाच आठवत नाही. आई म्हणते, तिच्या तोंडाला पदर होता.

त्यानंतर आबांनी नेटानं शेती केली, विहीर पाडली, माझं लग्न लावलं. अलीकडं मात्र त्यांचं मन कुठंतरी घसरलं. जेवता जेवता घास टाकून उठायचे, काठी घेऊन फाटकात जायचे आणि ती आडवी धरून, रस्त्याकडं पाठ करून उभे राहायचे. भाकरी ताटात वाळायची. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. मंचरच्या डॉक्टरांनी वयाकडं बोट दाखवलं. आबा आम्हाला एवढंच विचारायचे, "गेली का समदी?" मी कितीदा म्हटलं की हो म्हणून टाकू, म्हाताऱ्याला तेवढंच समाधान. पण आईनं मला साफ अडवलं.

"बघितल्याबिगर हाळी द्यायची न्हाई," ती म्हणाली. "हाळी दिली की त्यो निघतो. मग माघारी कोण बोलवायचं त्याला?"

मला तिचा राग यायचा. घर झालं, शेड झालं, गाडी झाली. आता बाप एकदा निवांत बसून अख्खी भाकरी खाताना बघावा, यापलीकडं मला काही नको होतं.

आणि मग ते झालं. मी आणि प्रांजल पेठला ट्रे पोचवून जुन्या रस्त्यानं परत येत होतो. टळटळीत दुपार, रस्ता धुतल्यासारखा मोकळा, आणि गाडीनं अचानक असा ब्रेक मारला की पट्टा छातीत रुतला. पडद्यावर रस्त्याच्या मधोमध एक माणूस होता. काचेतून बघावं तर तिथं डांबर आणि ऊन. मी हॉर्न वाजवला, उतरून बघितलं, जाळीवर काही चिकटलंय का तपासलं. चित्र हलेना. शेवटी गाडी कडेच्या मातीत घालून, त्या मोकळ्या जागेला वळसा मारून, मी पुढं काढली. शोरूमच्या माणसानं फोनवर सांगितलं की सावलीनं, रस्त्याखालच्या मोरीच्या लोखंडानं असं कधीकधी होतं, घेऊन या, बघू. मी हो म्हटलं आणि गेलो नाही. खरं सांगायचं तर मला परत तिथंच जायचं होतं. जत्रेतला पाळणा एकदा बसून झाला की पोराला पुन्हा बसायचं असतं, तसं मला झालं होतं.

दुसऱ्यांदा गेलो तर जागा तीच, ब्रेक तोच, माणूसही तोच. या खेपेला प्रांजल पडद्याला नाक लावून बघत राहिली. इतर माणसं त्या पडद्यावर कधी तोंड इकडं, कधी तिकडं, कधी चालताना अशी दिसतात.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "हा आपल्याकडं पाठ करून उभाय."

 येणाऱ्या गाडीकडं पाठ करून डांबरावर उभा राहणारा माणूस मी जन्मात एकच बघितला होता. मी तिथूनच घरी फोन लावला. आई म्हणाली की आबा ताटावरून उठलेत, फाटकात काठी धरून उभे आहेत, आणि आज हाताला धरून ओढलं तरी हलत नाहीत.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला उलट आनंदच झाला. इतकी वर्षं आबा कुठं अडकलेत ते कळत नव्हतं, आता ती जागा, कळप ट्रकात चढला होता तीच, माझ्या डोळ्यांपुढं होती, आणि त्यांना सोडवणारी हाळी माझ्याच गळ्यात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आबांना गाडीत घातलं. लग्नाला निघाल्यासारखी त्यांना धुवट बंडी घातली, फेटा बांधला. आईनं कुठं म्हणून विचारलं तेव्हा नुसतं फिरवून आणतो म्हणालो. ती माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, लवकर आण, ताट वाढून ठेवते. आबा मागं बसले, प्रांजलनं त्यांचा पट्टा लावला, पडद्याच्या कोपऱ्यातली मागची सीट हिरवी झाली. आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली होती. वाटेत मी अखंड बडबडत होतो, हे शेत कुणाचं, तो बंगला कुणाचा, आणि आरशातून बघत होतो. ते टक लावून पुढचा रस्ता बघत होते.

ती जागा आली. गाडी थांबली. पडद्यावर तो पाठमोरा उभा होता.

आबा पुढं वाकले. त्यांनी पडद्याकडं बघितलंच नाही. ते काचेतून त्या रिकाम्या डांबराकडं बघत होते, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला पोरपणी ज्या नावानं हाक मारायचे त्या नावानं, आणि त्याच भरदार आवाजात त्यांनी विचारलं, "जाल्या, गेली का समदी?"

 मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून ओरडलो, "गेली समदी!" आवाज थेट पलीकडच्या उसावर जाऊन आदळला. ओरडण्याआधी मागं वळून बघायचं राहिलं, हे नंतर माझ्या ध्यानात आलं. पण बघायला होतं तरी काय, रस्ता तर रिकामाच होता.

पडद्यावरचं चित्र हललं. आधी जागच्या जागी, मग डावीकडं, डांबराच्या कडेकडं, सावकाश, घाई नसलेल्या माणसाच्या चालीनं. आणि पडद्याची कड आली तसं ते नाहीसं झालं. ब्रेक आपोआप सुटला. मी प्रांजलकडं बघितलं, ती माझ्याकडं, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसायला लागलो. मागं आबांनी लांब श्वास सोडला आणि सीटला पाठ टेकली. त्यांना पाठ टेकून बसलेलं मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"झालं एकदाचं," ते म्हणाले.

पुढचा रस्ता मी कसा कापला ते मला सांगता येणार नाही. मी गाणं म्हणत होतो, ओळखीच्या प्रत्येक माणसाला हॉर्न देत होतो. गाव जवळ आलं तेव्हा कुठं लक्षात आलं की प्रांजल मघापासून पडद्याच्या कोपऱ्याकडं बघतेय. तिनं तिथं बोट ठेवलं. तिची सीट हिरवी होती, माझी हिरवी होती. मागच्या तिन्ही करड्या होत्या.

मी आरशात बघितलं. आबा होते. छातीवर पट्टा होता, काठी मांडीवर होती, आणि ते डाव्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होते. चेहरा असा निवळलेला की बघत राहावं.

"सेन्सर गेला असेल," मी म्हणालो. "उद्या दाखवू शोरूमला."

फाटकापाशी मी गाडी थांबवली तसे आबा आपणहून पट्टा सोडून, काठी टेकत खाली उतरले. खाली उतरून ते माझ्या काचेपाशी आले आणि म्हणाले, "लई भूक लागली रं." हे चार शब्द ऐकायला मी किती दिवस आसुसलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई ओट्यावर ताट झाकून बसली होती, ती लगबगीनं उठली. मी गाडी हळूच आत घेऊ लागलो. ब्रेकवर पाय असा नव्हताच. अंगणात शिरताना तो ठेवायची सवय या गाडीनं मोडली होती.

आई पुढं आली तशी पडद्यावर उमटली. तिच्या पायाशी घुटमळणारी कोंबडी उमटली. आणि आबांनी काठी काखेत मारली, आणि मागं वळूनसुद्धा न बघता ते गाडीच्या नाकासमोरून ओट्याकडं चालू लागले, इतक्या जवळून की त्यांच्या फेट्याचा शेमला बॉनेटवर घासला. पडद्यावर आई होती, कोंबडी होती, आणि मधली वाट मोकळी होती. गाडी पुढं सरकतच राहिली. ब्रेक मला लावावा लागला.