फक्त जाण्याची वेळ

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा तक्ता आहे. इस्पितळाच्या एका खोलीत, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. शिक्षाच म्हणा ना! आणि ती मला मान्य आहे.

मला ताईंनी बनवलं. मरण पावलेल्या माणसाचं मूत्रपिंड किंवा हृदय परगावाहून विमानाने आणून इथल्या रुग्णाला मिळवून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांनी माझ्यावर तीन रकाने आखले: विमानतळ, अंतर आणि उड्डाणाची वेळ. ऐकीव वेळ लिहायची नाही, असा त्यांचा बाणा. रिकामी पेटी घेऊन निघाल्या की विमान उडाल्यापासून टेकेपर्यंत मनगटावरचं घड्याळ बघायच्या आणि परत आल्यावर माझ्यावर मांडायच्या. येताना मात्र पेटी भरलेली असे. दोन्ही हात पेटीवर, जीव टांगणीला. तेव्हा घड्याळ कोण बघतंय?

अकरा वर्षं माझा काय तोरा होता! कुठूनही फोन आला की डॉक्टर आधी विचारत, "तक्ता काय म्हणतो?" मी नुसता फुशारून जायचो.

मग एका शिंप्याची मुलगी आली. तेरा वर्षांची. तिचं हृदय पार थकलं होतं. चार पावलं चालली तरी ओठ निळे पडायचे. खूप दिवस वाट पाहिल्यावर एका सकाळी फोन आला. लांबच्या एका शहरात हृदय मिळत होतं. काढल्यापासून चार तासांच्या आत ते बसायला हवं होतं. ताईंनी माझ्यावर बोट ठेवलं. चौदाशे किलोमीटर, एक तास पंचावन्न मिनिटं. रस्ते आणि शस्त्रक्रिया धरून पावणेचार तास होत होते.

"जमतंय, डॉक्टर! मी निघते."

त्या शहरातून ताईंनी पूर्वी एकदाच मूत्रपिंड आणलं होतं. त्याला एवढी घाई नसते, म्हणून येताना जास्त वेळ लागला हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. वैमानिकाला विचारता आलं असतं. पण मी होतो ना!

जाताना वारा पाठीशी होता. येताना तो समोरून आला. विमानातून ताईंचा निरोप आला, "दोन तास चाळीस मिनिटं लागणार." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते शस्त्रक्रियेच्या खोलीकडे धावले.

हृदय बसवलं, पण ते नीट चाललंच नाही. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

आठवड्याने शिंपी कागदपत्रं न्यायला आला. ताईंनी त्याला बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं.

"दादा, चूक माझी आहे. ही जाण्याची वेळ आहे. येण्याची मी कधी मोजलीच नाही."

त्याने उठून माझ्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भूल देईपर्यंत ती विचारत होती," तो म्हणाला, "बाबा, विमान कुठवर आलं? मी म्हणत होतो, येतंय गं, दोन तासांचं तर आहे."

ताईंना रडू आवरेना. त्याच दुपारी त्यांनी नवा तक्ता आखायला घेतला, जाण्याचा आणि येण्याचा रकाना वेगळा ठेवून.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पण कुणासाठी काही मोजायला बसलात, तर ते पुरतं मोजा. तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी आपल्या लेकराला धीर देत असतं.