सत्यभामाबाईनं विकलेला तमंचा

खुर्चीवरचे साहेब, तुम्ही मला उचलून उजेडात धरलंत. माझ्या पोटावरचा नंबर वाचलात. माझी सहाही घरं रिकामी आहेत का, ते बोट घालून पाहिलंत. पण ज्या बाईनं कायदा पाळला म्हणून मी तुमच्या टेबलावर आलो, तिला तुम्ही बस म्हणाला नाहीत. पाणी विचारलं नाहीत. उलट तिच्याजवळची एक गोष्ट कायमची काढून घेतलीत, आणि ती घेतली हेसुद्धा तुम्हाला कळलं नाही. हा माझा आरोप आहे. तुम्हाला ऐकायचा नसेल तर कान झाकून घ्या. मी मुलांना सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना तमंचा आहे. कचेरीत मला रिव्हॉल्व्हर म्हणतात, गावात तमंचा. मला गावातलं नाव आवडतं.

तुमच्या पुस्तकांत छत्री आपली कथा सांगते, नदी सांगते, फाटकी चप्पलसुद्धा सांगते. ती सगळी भल्या कामासाठी जन्मलेली. मी तसा नाही, आणि मला लपवाछपवी जमत नाही. नांगर जमिनीसाठी करतात, विळा कापणीसाठी करतात. मला माणूस मारण्यासाठी केलं. विलायतेतल्या कारखान्यात माझं पोलाद तापलं, मुठीला अक्रोडाचं लाकूड बसलं, आणि आगबोटीतून मी मुंबईच्या हत्यारांच्या दुकानात आलो. एवढं असून माझ्या हातून आजवर एक माणूस मेला नाही. त्यात माझी काही शहाणीव नाही. मी ज्यांच्या घरी राहिलो, त्यांची ती शहाणीव.

जानेफळच्या बाजूला एक लहान गाव आहे. तिथले पाटील महादेवराव यांनी मला परवान्यानं घेतलं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून निघायचे आणि शेतसारा गावागावातून गोळा व्हायचा. पाटलानं तो सारा बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून तालुक्याच्या खजिन्यात भरायचा. वाटेत नाले, पळसाची झुडपं आणि लुटारूंची भीती. म्हणून मी. म्हणजे साहेब, सगळी वर्षं मी तुमचाच पैसा राखला. पाटलांच्या कमरेला मी दिसलो की झुडपातला माणूस झुडपातच बसायचा. बस्स, एवढीच माझी मर्दुमकी.

मात्र वर्षातून एक दिवस माझा असायचा. पोळ्याचा. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली सगळ्या गावचे बैल उभे. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. पाटील मला आभाळाकडे धरायचे आणि एक बार काढायचे. ठो! की पोळा फुटला. बैल निघाले, पोरं ओरडत मागं. मित्रांनो, माणूस मारायला केलेल्या वस्तूचा आवाज ऐकून अख्खं गाव हसतं, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या कुठल्या तमंच्यानं पाहिलं असेल का?

बैल दारी आले की पाटलीणबाई, सत्यभामाबाई, ताट घेऊन ओवाळायला यायच्या. गावातल्या बाया त्यांची वाट अडवायच्या. "नाव घ्या, मंग जा!" वर्षभर नवऱ्याला 'आमच्या घरचे' म्हणणारी ही बाई त्या एका घटकेला हसत हसत म्हणायची,

"बैल आले दारी, झुली त्यांच्या भारी,
महादेवरावांचं नाव घेते, सोडा वाट सारी!"

पाटील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि माझी मूठ उगाच पुसत बसायचे. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर उखाण्यात. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं, तिच्या आईला तिच्या आईनं. तुम्ही हसाल. हसा. पण आयुष्यभर एक शब्द जिभेवर न आणता सांभाळणं म्हणजे काय, ते आधी करून पाहा.

मग पाटलांना ताप भरला. तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी ते मला उशाशी घेऊन सत्यभामाबाईला म्हणाले, "याले भलत्याच्या हाती जाऊ देऊ नको. माह्या दोस्ताले, नांदुऱ्याच्या पंजाबरावाले दे. त्याच्याजवळ परवाना आहे, अन् डोकं थंड आहे." लगेच म्हणाले, "चोरून नाई. कागदानं दे."

एवढंच. पाटील गेले. त्यांचा फेटा भिंतीच्या खुंटीवर राहिला. सत्यभामाबाई दर आठवड्याला तो काढायची, झटकायची, पुन्हा त्याच खुंटीवर अडकवायची. बोलताना 'ते होते' असं ती म्हणत नसे. "त्याईले भाकर पातय लागते," म्हणायची; पातय म्हणजे पातळ. "त्याईले उन्हात बसायची सवय आहे." घरात कोणी तिला दुरुस्त करत नसे.

तेरवी झाली आणि धाकटे दीर उत्तमराव ओसरीवर येऊन बसले.

"वहिनी, भल्यासाठी सांगून राह्यलो. मोगलाईत एक गिऱ्हाईक आहे. कागद नाई, कचेरी नाई. अंधार पडला की येईल, तमंचा घेऊन जाईल."

मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. सरहद्द तिथून लांब नाही.

"अंधारात येनारा मानूस दिवसा काऊन येत नाई, भाऊजी?"

"आता तुमाले त्याच्याशी काय करायचं?"

"करायचं आहे नं. उद्या तमंचा कोनाच्या छातीवर धरला गेला, तं तो कोनाच्या घरचा म्हनतीन?"

"दादा तं गेला. त्याले कोन विचारते?"

चुलीजवळून अंबूबाई उठल्या. या पाटलांच्या थोरल्या बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी राहिलेल्या. त्यांच्या जिभेला गावचा कोतवाल भ्यायचा. "उत्तम्या," त्या म्हणाल्या, "तुह्या गिऱ्हाईकाले पोळा फोडाचा असंन तं डफडं घे म्हना. तमंचा कायले पाह्यजे? अन् तू ऊठ. चहा संपला."

"अक्का, तुमी दोघी बाया कचेरीत जाऊन काय दिवे लावनार? तिथं चपराशी उभं करनार नाई तुमाले."

"तं उभ्या राहू," सत्यभामाबाई म्हणाली. "त्याईनं दिवसाउजेडी आनला, दिवसाउजेडीच जाईल."

दुसऱ्या सकाळी तिनं मला पाटलांच्या उपरण्यात गुंडाळलं आणि नणंदेला घेऊन ठाण्यात जमा केलं. परवानेदार मेला की परवाना मेला, हा कायदा. विकायचं तर मोठ्या साहेबाच्या मंजुरीनं, परवाना असलेल्यालाच. ठरल्या तारखेच्या आत वारसानं हजर राहून जबानी द्यायची. नाहीतर हत्यार जप्त, आणि जप्त झालेलं हत्यार घणाखाली. ठाण्याच्या खोलीत मी जप्तीच्या भाल्या-तलवारींत पडून होतो. तेल नाही, फडकं नाही. माझ्या नळीत पहिल्यांदा गंज शिरला तो तिथं. तुम्ही म्हणाल, गंजाचं एवढं काय? मित्रांनो, चांगल्या घरातून आलेल्याला गंज आधी लाजेचा लागतो, मग लोखंडाचा.

तारखेच्या दिवशी आम्ही मोठ्या कचेरीत पोचलो. शिपायाच्या हातात मी. व्हरांड्यात दोघी नणंदा-भावजया आणि नांदुऱ्याहून आलेले पंजाबराव. सकाळपासून उभे. बाकं होती, त्यांवर वकिलांच्या टोप्या बसल्या होत्या.

दुपार कलल्यावर पुकारा झाला. कारकुनानं परवाना समोर उघडून ठेवला आणि विचारलं, "हत्यार कोणाचं?"

"आमच्या घरच्यांचं जी."

"घरच्यांना नाव असेल ना?"

"आहे जी. त्या कागदावर आहे."

"कागद मला वाचता येतो, बाई. जबानी तुमची आहे. तुम्ही सांगा."

सत्यभामाबाईनं नणंदेकडे पाहिलं. अंबूबाई पुढं झाल्या. "महादेवराव त्याचं नाव. माह्या म्हादूचा तमंचा आहे हा. त्याले मी कडेवर खेळवलं, मी सांगतो नं तुमाले!"

"तुम्ही अर्जदार आहात?"

"मी बहीण आहो."

"मग गप्प राहा."

"गप तं मी मेल्यावरच राहीन, बाप्पा."

आजूबाजूला दोघं-तिघं हसले. कारकून नाही हसला. पंजाबराव हात जोडून म्हणाले, "रावसाहेब, आपल्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुम्हीही वऱ्हाडातलेच दिसता. तुमच्या घरी घेतात का?"

कारकुनाची लेखणी थबकली. खाली मान घालून तो म्हणाला, "माझ्या घरचं इथं काढू नका." मला वाटलं, सुटलो. हा लिहून टाकेल. नाव समोर आहे, बाई समोर आहे, अडलंय कुठं?

तेवढ्यात साहेब, तुम्ही टेबलाशी आलात. मला उचललंत, पाहिलंत, ठेवलंत. कारकुनानं हळू आवाजात अडचण सांगितली. तुम्ही बाईकडे न बघता म्हणालात, "नाम बोलो, नहीं तो जब्ती." आणि दुसरा कागद ओढलात.

अंबूबाई तिच्या कानाशी लागल्या. "भामे, पोळ्याले घेत होतीस तसं घे. उखान्यात घे. पाप नाई लागत."

"उखाना सवाष्णीचा असते, अक्का."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. पण त्या क्षणी मला मोडून जायचं होतं. कोणी घण आणला असता तर मी हसत खाली पडलो असतो. मला म्हणायचं होतं, बाई, नको. जप्त होऊ दे मला. पण उपरण्याशिवाय उघडा पडलेला तमंचा काय बोलणार? तिनं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा शब्द होता, कागदानं दे. पदर कपाळावर ओढला आणि ती म्हणाली,

"महादेवराव."

"पूर्ण सांगा. बापाचं नाव."

सासऱ्याचं नावही सून घेत नाही. तेही तिनं घेतलं. "महादेवराव किसनराव पाटील."

"आधी मयत लावा."

"काय जी?"

"मयत. मयत महादेवराव किसनराव पाटील, असं म्हणा. नाहीतर जिवंत माणसाचं हत्यार विकलं, असं होईल."

पंखा ओढणाऱ्याचा दोर करकरत होता.

"मयत," ती म्हणाली, आणि थांबली. कारकून वाट पाहत राहिला. "मयत... महादेवराव... किसनराव पाटील."

"ठीक. अंगठा."

मंजुरी झाली. विक्री कायदेशीर झाली. पंजाबरावांनी मला घेतलं. बाहेर लिंबाखाली त्यांनी मला पुढं धरलं, म्हणाले, "वहिनी, एकदा हात लावायचा आहे का?" तिनं मान हलवली, नाही. ती नणंदेला म्हणाली,

"अक्का, घरून निघालो तवा होते नं ते?"

कोणालाही उत्तर द्यायला कधी न चुकलेल्या अंबूबाईंनी भावजयीचं मनगट धरलं. म्हणाल्या, "चाल. बंडी जुपली आहे."

तेव्हापासून मी नांदुऱ्यात आहे. पंजाबराव मला वेळेवर तेल देतात, कुलपात ठेवतात, कोणावर रोखत नाहीत. पाटलांचा शब्द खरा झाला. भलत्याच्या हाती मी गेलो नाही. पण एकदा पंजाबराव जानेफळकडं जाऊन आले आणि घरात बायकोला सांगताना मी ऐकलं. सत्यभामाबाईनं घरी पोचल्याबरोबर खुंटीवरचा फेटा काढला, घडी करून ट्रंकेत घातला. आता ती "त्याईले भाकर पातय लागते" असं म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. कोणी पाटलांचा विषय काढला की ती उठून गोठ्यात जाते. अंबूबाई सांगतात, नवरा तापानं गेला तेव्हा ही रडली होती. कचेरीतून आल्यावर ती रडलीसुद्धा नाही.

मित्रांनो, घरातलं कोणी गेलं आणि त्याचं हत्यार मागं राहिलं, तर ते लपवू नका, अंधारात विकू नका. सत्यभामाबाईसारखं सरळ नेऊन द्या. हे मी मनापासून सांगतो, कारण अंधारात गेलो असतो तर आज माझ्या नळीला रक्ताचा वास असता. वस्तूला तेल लावा, फडक्यानं पुसा, जपा. आणि उद्या तुमच्यातला कोणी शिकून त्या खुर्चीवर बसलाच, तर एक लक्षात ठेवा. लोखंडाचा गंज घासून निघतो. माणसाच्या तोंडून शब्द ओरबाडून काढला, तर तो परत आत घालता येत नाही.

आणि साहेब, तुमचं-माझं अजून मिटलेलं नाही. मी तुमचा कायदा मोडा म्हणत नाही. त्या बाईनं तो पाळला, तुमच्याहून जास्त पाळला. पण परवाना टेबलावर उघडा होता. त्यावर ते नाव शाईनं लिहिलेलं होतं, खाली तुमच्याच कचेरीचा शिक्का होता. बहीण सांगत होती, मित्र सांगत होता, तुमचा कारकूनसुद्धा जाणत होता. सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव, नवरा गेलेल्या बाईच्या तोंडून, वर मयत लावून, तुम्ही कशासाठी वदवून घेतलंत?

मला उत्तर पाहिजे. आणि ते मला देऊ नका. खुर्चीवरून उतरा, जानेफळची वाट धरा, तिच्या दारात उभे राहा, आणि तिला द्या. कधी जाता, सांगा.